२ एचपी सिंगल फेज पंपासाठी सॉफ्ट स्टार्टर: निवड आणि जुळवणी

प्रश्न (बागायतदार, गुहागर)

नमस्कार. आमच्या नारळ-सुपारीच्या आगरात विहिरीवर २ एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक पंप आहे. मोटरवर स्टार्ट आणि रन असे दोन कपॅसिटर असून पाटीवर १२ अँपिअर लिहिले आहे. मीटरपासून विहीर ६० मीटरवर आहे आणि तिथपर्यंत तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची केबल गेली आहे. पंप सुरू होताना घरातले दिवे मंदावतात; संध्याकाळी व्होल्टेज २०० पर्यंत उतरले की मोटर फिरण्याऐवजी नुसती घूं घूं करत राहते. सुरुवातीचे व्होल्टेज आणि ते चढण्याचा वेळ जुळवता येईल असा सॉफ्ट स्टार्टर बसवण्याचा विचार आहे. तो निवडताना काय पाहावे, आणि त्याने दोन्ही अडचणी सुटतील का?

उत्तर (मोटर वाइंडिंग, मालवण)

दोन्ही अडचणी एकाच कारणाच्या वाटल्या तरी त्यांचे उपाय परस्परविरोधी आहेत. सॉफ्ट स्टार्टर थायरिस्टरच्या (प्रवाह कधी सोडायचा ते ठरवता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) साहाय्याने विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा काही भाग अडवतो आणि मोटरला सुरुवातीला कमी व्होल्टेज देतो. त्यामुळे प्रवाह कमी होऊन दिवे कमी मंदावतील. परंतु मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ६० टक्के व्होल्टेजला जेमतेम ३६ टक्के जोर उरतो. संध्याकाळी जी मोटर व्होल्टेजअभावी आधीच उठत नाही, तिला हे उपकरण आणखी अशक्त करील.

म्हणून आधी केबल पाहा. तुमच्या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटरला ०.८९ ओहम होतो. सुरू होतानाचा प्रवाह पाचपट, ६० अँपिअर धरला, तर केबलमध्येच ५० व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात आणि संध्याकाळच्या २०० पैकी मोटरला दीडशेच मिळतात. २३० व्होल्टच्या तुलनेत जोर ४२ टक्क्यांवर येतो. ६ चौरस मिलिमीटरची केबल टाकल्यास हीच घट २२ व्होल्टवर येईल. घरातले दिवे मात्र मीटरपर्यंत येणाऱ्या लाईनमुळे मंदावतात, त्यावर जाड केबलचा उपयोग होणार नाही. तिथे सॉफ्ट स्टार्टर खरोखर कामी येतो.

आता जुळवणीचे. तुमच्या मोटरमध्ये सेंट्रिफ्युगल स्विच असणार, जो साधारण ७५ टक्के वेग आल्यावर स्टार्ट कपॅसिटर सोडवतो. तो कपॅसिटर काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो. व्होल्टेज चढण्याचा वेळ १० सेकंदांपर्यंत नेता येतो म्हणून तो तेवढा नेला, तर कपॅसिटर तापून फुटतो आणि स्टार्ट वाइंडिंगही जळू शकते. अशा जळालेल्या मोटरी आमच्याकडे दुरुस्तीला येतात. सुरुवात ६० टक्क्यांपासून करावी, वेळ १ ते २ सेकंद ठेवावा आणि कान मोटरकडे द्यावा. बटण दाबताच मोटर हलली पाहिजे आणि दोनेक सेकंदांत स्विचचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर लगेच बंद करून सुरुवातीचे व्होल्टेज वाढवावे, वेळ नव्हे. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह सुरुवातीला बराचसा मिटलेला ठेवल्यास सेंट्रिफ्युगल पंपाचा भार कमी राहतो, त्याचाही लाभ घ्यावा.

खरेदी करताना एचपी न पाहता अँपिअर पाहावेत. १२ साठी १६ किंवा २० चा घ्यावा. त्यात बायपास रिले, म्हणजे मोटर वेगात आल्यावर थायरिस्टरला वळसा घालून थेट वीज देणारा स्विच, असलाच पाहिजे. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर मोठा करून लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

उत्तर (पॅनेलचे काम, अलिबाग)

बायपास रिलेबद्दल पूर्ण सहमत आहे. तो नसेल तर थायरिस्टर पंप चालू असेपर्यंत दर अँपिअरमागे साधारण एक वॉट उष्णता सोडत राहतो, आणि खाऱ्या वाऱ्यामुळे पेटी तर बंदच ठेवावी लागते. पेटी आयपी ६५ दर्जाची (धूळ आणि पाण्याचे फवारे आत येऊ न देणारी), शक्यतो प्लॅस्टिकची घ्यावी आणि केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून आत न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत आत शिरणार नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे सॉफ्ट स्टार्टर बंद असला तरी मोटरच्या टोकांवर वीज असू शकते, कारण थायरिस्टर म्हणजे उघडणारा स्विच नव्हे. त्याच्या आधी दोन पोलचा एमसीबी असावा आणि तो पाडल्याशिवाय पंपाला हात लावू नये. ओव्हरलोड रिलेही (प्रवाह जास्त वेळ वाढलेला राहिल्यास मोटर बंद करणारा) वेगळा ठेवावा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आधी केबल बदलतो. हीच मोटर व्हीएफडीवर (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावर) चालवली तर?

उत्तर (मोटर वाइंडिंग, मालवण)

ही मोटर नको. कमी वारंवारतेला सेंट्रिफ्युगल स्विच सुटतच नाही. पुढे कधी मोटर बदलायची झाल्यास मात्र थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी ही जोडी उत्तम. त्यात व्होल्टेजबरोबर वारंवारताही चढत जात असल्याने जोर टिकतो आणि केबलवर ६० अँपिअरचा भार येतच नाही. एवढे पाहा की आपल्याकडच्या २ एचपी थ्री फेज मोटरी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगांचे एकेक टोक एकत्र जोडून) येतात. असा व्हीएफडी २३० व्होल्टच देतो, त्यामुळे मोटरची सहाही टोके बाहेर काढून डेल्टा जोडणी (वाइंडिंग त्रिकोणात जोडून) करून घ्यावी लागेल.