दाखला नको, फवारणीची वही मागा

पंकज (बी-३०२): आजचा पेपर पाहिला का? पान ३. ‘डेंग्यूचा बळी, सोसायटीच्या टाक्यांत अळ्या’. नाव नाही, पण आपल्या गेटचा फोटो आहे.

सुनंदाताई (ए-१०१): अहो, नानांचं दहावंही व्हायचंय अजून!

आप्पा (सी-२०४): कोन्ही इचारं नई, पाह्यं नई, छापी टाकं! 😡

योगेश (बी-१०४): माझ्या फ्लॅटला भाडेकरू ठरला होता. सकाळी त्यानेच मला हा फोटो पाठवला. सेक्रेटरी, नानांचा मृत्यूचा दाखला काढा आणि मारा त्या पेपरवाल्याच्या तोंडावर.

चौधरी सर (ए-४०३): जन्म-मृत्यू नोंदणीत नोकरी केली म्हणून सांगतो. दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतंच. १९६९ च्या कायद्यातच मनाई आहे. कारण लिहिलेलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र निबंधकाकडे जातं आणि २०२३ च्या दुरुस्तीपासून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते. ती दाखवायची की नाही, हे नानांच्या घरच्यांनी ठरवायचं. आपण नाही.

योगेश: मग पेपरवाल्याला डेंग्यू कुठून कळला?

चौधरी सर: तेच विचारायचं. कार्डवरची टेस्ट पॉझिटिव्ह आली की लोक डेंग्यू म्हणून मोकळे होतात. सरकारी हिशेबात तो संशयित. एलायझात, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीत, आला तर पक्का.

पंकज: आरटीआय टाकू का?

चौधरी सर: टाका, पण नानांच्या आजाराबद्दल नको. खासगी माहिती म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ लावतील, आणि लावावंच. मलेरिया विभागाला विचारा, दोन महिन्यांत आपल्या प्रभागातले नमुने किती, पक्के किती, धूरफवारणी आणि ॲबेटिंग, म्हणजे पाण्यात अळीनाशक टाकणं, कोणत्या तारखांना झालं. कंटेनर सर्वेच्या, म्हणजे घरोघरी पाणीसाठ्यांत अळ्या तपासल्याच्या, वहीची प्रत मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत.

सुनंदाताई: कसला सर्वे! मागच्या वेळी आलेल्या मुलीने दारावर खडूने तारीख लिहिली नि गेली. टाकीचं झाकण उघडलंसुद्धा नाही.

चौधरी सर: मग वहीत काय लिहिलंय ते बघायलाच हवं.

योगेश: उत्तराला ३० दिवस. तोवर भाडेकरू भुसावळला पोचेल.

चौधरी सर: सोमवारी दुपारी ३ ते ५ जाऊन वही बघा की. अभिलेख बघायला ही वेळ शासनाने २०१८ लाच दिलीय. कोणी जात नाही, ही गोष्ट वेगळी.

पंकज: आणि पेपरचं काय?

चौधरी सर: आधी संपादकांना पत्र. बातमीचा आधार काय, खुलासा कधी छापता. टाळाटाळ केली तर दिल्लीला प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाकडे, तक्रार. दैनिक असेल तर बातमीपासून दोन महिन्यांच्या आत. ते दंड करत नाहीत, ताकीद देतात.

योगेश: नुसती ताकीद?

चौधरी सर: तुम्हाला ताकिदीचं काय करायचंय? छापलेला खुलासा भाडेकरूला पाठवता येईल.

आप्पा: त्या यूट्यूबवाल्यानं बी व्हिडिओ टाकेल शे.

चौधरी सर: तो प्रेस कौन्सिलच्या कक्षेत येत नाही, आप्पा.

ए-२०३: मी नानांचा मुलगा. सगळं वाचलं. पत्रात बाबांचं नाव नको, आजारही नको. पण टाक्यांत अळ्या आहेत का, ते आधी कोणी बघितलं का?

सेक्रेटरी: सी-विंगच्या टाकीचं झाकण तुटलंय. वाघूर धरणाचं पाणी आलं की तशीच भरतो. उद्या ८ वाजता तिन्ही टाक्या उघडतो.

योगेश: अळ्या निघाल्या तर पत्रात लिहायचं?

चौधरी सर: लिहायचं. नाही तर पेपरवाला आपल्यालाच खोटं पाडेल.

पंकज: सोमवारी मी येतो सर. गाडी माझी.