वर्गात हल्ली काय शिकणं चाललंय? अनुभव लिहा

मी चौथीला शिकवते. ‘आज शाळेत काय शिकलात?’ या प्रश्नाला घरी बहुतेकदा ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळतं, आणि आम्हा शिक्षकांना विचारलं तर आम्ही धड्यांची नावं सांगतो. मुलांच्या डोक्यात काय घडलं ते दोन्हींतून कळत नाही. म्हणून इथे एकच विचारते: हल्ली वर्गात जो विषय चाललाय, त्याबद्दल मुलांची आधीची स्वतःची समजूत काय होती, आणि ती कशामुळे हलली? शिक्षक, पालक, आजी-आजोबा, सगळ्यांनी लिहा.

सुरुवात मी करते. आमचे अपूर्णांक चाललेत. १/३ मोठा की १/४, असं विचारलं की बरीच मुलं ठामपणे १/४ म्हणतात. त्यांचा तर्क चुकीचा म्हणवत नाही. चार तीनपेक्षा मोठा हे आजवरच्या प्रत्येक उदाहरणाने त्यांना शिकवलंय. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ असं फळ्यावर लिहून दिलं तर त्या दिवशीची उत्तरं बरोबर येतात, पण २/३ आणि ३/४ समोर आले की तो नियम पुरत नाही. म्हणून सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्या. एकीचे दोन भाग, एकीचे चार, एकीचे तीन. तीन सारखे भाग पाडणं अवघड जातं, आणि त्या खटपटीत ‘समान भाग’ ही अट मुलांच्या हातांना कळते. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘२/३ला पूर्ण व्हायला १/३ हवा आणि ३/४ला फक्त १/४, म्हणून ३/४ मोठा.’ हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मग मी मुद्दाम एक लांब आणि एक खूपच आखूड पट्टी दिली. लांब पट्टीचा १/३ आखूड पट्टीच्या अर्ध्यापेक्षा मोठा निघाला. तेव्हापासून वर्गात कोणी ‘अर्धा’ म्हणालं की बाकीचे विचारतात, ‘कशाचा अर्धा?’

तिसरीच्या शिक्षिका

आमच्याकडे बिया रुजवणं चाललंय. बी रुजायला काय लागतं? सगळ्यांचं उत्तर एकच: माती, पाणी, ऊन. म्हणून घेवड्याच्या बिया ओल्या कापसावर ठेवल्या, काही खिडकीत आणि काही बंद कपाटात. माती कुठेच नाही. कपाटातल्या बियासुद्धा रुजल्या, तेव्हा पहिला धक्का बसला. खरी गंमत पुढे आली. कपाटातली रोपं खिडकीतल्यांपेक्षा कितीतरी उंच झाली! ‘अंधारातच झाड चांगलं वाढतं,’ असा निष्कर्ष वर्गाने काढला. मी तो खोडला नाही, वहीत लिहून ठेवायला सांगितला आणि रोपं बारकाईने पाहायला लावली. रंग पिवळट, पानं बारकी, देठ इतका नाजूक की उभाच राहत नाही. पुढे ती रोपं माना टाकत गेली, खिडकीतली मात्र हिरवीगार राहिली. मग बी उघडून पाहिलं: दोन जाड दळांत साठवलेलं अन्न असतं, त्यावर रोप काही काळ तग धरतं आणि उजेडाच्या शोधात भराभर लांबतं. साठा संपल्यावर स्वतःचं अन्न करायला हिरवी पानं आणि उजेड लागतो.

यावरून एका मुलाने विचारलं, ‘मग मोठं झाड कशाचं बनतं? मातीचं?’ या प्रश्नासाठी मी व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाची गोष्ट राखून ठेवली होती. सतराव्या शतकात त्याने सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली आणि सव्वादोन किलोंच्या आसपास वजनाचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७७ किलोंचं झालं, आणि माती कमी झाली होती जेमतेम ५५-६० ग्रॅम. म्हणजे झाड पाण्याचंच बनतं, असं त्याने ठरवलं. झाडाच्या सुक्या वजनाचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे त्याला कळायला वाव नव्हता. ‘झाड हवेचं बनतं’ यावर मुलं अजून विश्वास ठेवायला तयार नाहीत. मला घाई नाही.

दुसरीतल्या मुलाचा बाबा

आमच्याकडे ‘बरोबर’चं चिन्ह. ८ + ४ = □ + ५ हे गणित मुलाला दिलं. त्याने चौकटीत १२ लिहिले. त्याच्या एका मित्राने १७ लिहिले. त्यांच्या लेखी = म्हणजे ‘आता उत्तर लिही’. वर्गात बाईंनी तराजू आणला आणि दोन्ही पारड्यांत सारख्या वजनाचे ठोकळे टाकून हेच गणित मांडलं. त्यानंतर घरी तो मलाच ९ = ४ + ५ अशी उलटी गणितं घालतो. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ साली हे चिन्ह पहिल्यांदा छापलं, तेव्हा दोन समांतर रेघा निवडण्याचं कारण त्याने असं दिलं होतं की याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. मुलाला हे फार आवडलं. बीजगणित सातवी-आठवीत कठीण का जातं, त्याचं एक मूळ दुसरीत आहे असं मला आता ठामपणे वाटतं.

नातीला घड्याळ शिकवणारे आजोबा

मिनिटकाटा काढून टाकला. नुसता तासकाटा ठेवून ‘किती वाजले असतील?’ असं विचारत राहिलो. काटा तीन आणि चारच्या बरोबर मधे म्हणजे साडेतीन, चारला टेकत आला म्हणजे पावणेचार. शाळेत काटे शिकवताना दोन्ही एकदम येतात, म्हणून मुलं पावणेचारला ‘चार पंचेचाळीस’ वाचतात.

पाचवीच्या विज्ञानाचा शिक्षक

चंद्राच्या कला. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी दिसतो’ ही समजूत मुलांचीच नाही, कित्येक पालकांचीही असते. ‘चंद्र रात्रीच दिसतो’ ही दुसरी. आम्ही रोज चंद्र काढायचा आणि वेळ लिहायची असं ठेवलंय. तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, हे मुलांनी स्वतःच्या वहीतून शोधलं. मी आकडा नंतर सांगितला. सावलीची समजूत मात्र चित्रांनी हलत नाही. त्यासाठी एक उपाय सांगतो. दिवसा चंद्र आणि सूर्य दोन्ही आकाशात असतील तेव्हा मुलाच्या हातात पांढरा चेंडू द्या आणि उन्हात उभं राहून तो चंद्राच्या दिशेने धरायला सांगा. चेंडूचा जेवढा भाग उजळलेला दिसतो, अगदी तेवढाच चंद्राचा दिसतो. त्या क्षणी मुलं गप्प होतात, मग सगळी एकदम ओरडतात. पृथ्वीची सावली मधे येण्याचा प्रश्नच उरत नाही. मग ग्रहण दर पौर्णिमेला का नाही, असं ती विचारतात, आणि चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या तुलनेत सुमारे ५ अंशांनी कललेली आहे हे सांगायला जागा मिळते. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस, त्यामुळे महिनाभर वही चालू ठेवणं भाग आहे. मधला आठवडा ढगाळ गेला तरी सोडू नका.

चौथीतल्या मुलीची आई

सगळं वाचून आनंद झाला, पण एक म्हणायचंय. पाढे पाठ करण्याकडे कमीपणाने पाहू नये. माझ्या मुलीला २४चा १/३ म्हणजे काय ते पट्टीवरून नीट कळतं, पण आठ त्रिक चोवीस पटकन आठवत नाही. मग आकडेमोडीतच तिचा जीव जातो आणि कळलेलं बाजूला पडतं. आम्ही रोज थोडे पाढे म्हणतो, मोठ्याने, आणि त्याचा फरक दिसतो.

धागा सुरू करणारी

पूर्ण पटलं. आमच्या वर्गातही पट्ट्या आणि पाढे दोन्ही चालतात.

चेंडूच्या प्रयोगाबद्दल दोघांनी वेळ विचारली आहे. अमावास्येनंतर साधारण आठवड्याने, दुपारनंतर पूर्वेकडे अर्धा चंद्र दिसतो, तेव्हा करा. सकाळची शाळा असेल तर पौर्णिमेनंतर साधारण आठवड्याने, सकाळी पश्चिमेकडे पाहा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे आधी बजावा. चेंडू चकचकीत नसावा आणि हात पूर्ण लांब करून धरावा.