‘साडेसहाशेच्या खाली बघूच नको’ म्हणणाऱ्यांनो, आधी ती बाईक सातव्यांदा उचलून दाखवा

धूळभेट
परवा या फोरमवर एका नवशिक्याने साधा प्रश्न विचारला. पहिली ड्युअल-पर्पज (डांबर आणि कच्ची वाट, दोन्हींवर चालणारी) बाईक घ्यायची आहे, कच्च्या वाटांवर शिकायचं आहे, तर कुठली घेऊ आणि चालवू कुठे? त्यावर टॉर्कसम्राट यांचं उत्तर जसंच्या तसं देतो: ‘साडेसहाशेच्या खाली बघूच नको, सहा महिन्यांत विकशील. जागा काय विचारतोस, डांबर संपलं की आपलंच राज्य.’ साडेसहाशे म्हणजे इंजिनाचे सीसी. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी वजन. दुकानात बाईक स्टँडवरून सरळ केली की सगळ्यांनाच वाटतं, जमतंय की. पण कच्च्यात शिकणारा माणूस पडतो, आणि दिवसातून एकदाच पडत नाही. पहिल्यांदा पडलेली बाईक कोणीही उचलतो, रागाच्या भरात. प्रश्न सातव्या वेळचा आहे. दुपार झालेली, पाणी संपत आलेलं, बाईक उताराकडे चाकं वर करून आडवी, हातमोजे घामाने निसरडे. होंडा सीआरएफ ३०० एल पेट्रोलसकट १४२ किलो. यामाहा टेनेरे ७००, जिला सगळे ‘हलकी’ म्हणतात, ती २०४ च्या आसपास. म्हणजे मागे एक अख्खा माणूस कायमचा बसलाय, आणि ढकलायची वेळ आली तरी तो उतरत नाही. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस २४९. तिच्याबद्दल मी बोलतच नाही. माहितीपत्रकातलं वजन कोरडं आहे की टाकी भरून, तेही बघा. वीस लिटर पेट्रोलचेच पंधरा किलो होतात.

आता ‘आपलंच राज्य’. डांबर संपतं तिथे कोणाचं तरी शेत, कुरण नाहीतर जंगल सुरू होतं. कुंपण दिसलं नाही म्हणजे मालक नाही, हे कुठून आलं?

टॉर्कसम्राट
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता ऐका. बाईकचं नाव ड्युअल-पर्पज. त्यातलं एक काम रस्त्यावर चालणं आहे, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात. कच्ची वाट कोणाच्या दारात नसते. दोनशे किलोमीटर डांबर तुडवून तिथे पोचायचं, दोन तास कच्च्यात, परत दोनशे. अडीचशे-तीनशे सीसीच्या एक सिलिंडरवाल्या बाईकवर, फळकुटासारख्या सीटवर ते करा आणि मग हाताच्या मुंग्या मोजत बसा. मी केलंय. परत येताना ट्रकच्या मागे अडकलो, ओव्हरटेकला दमच नाही.

राहिला इतिहास. बीएमडब्ल्यूने १९८० साली आर ८० जी/एस आणली, ७९८ सीसी. पुढच्याच वर्षी उबेर ओरिओलने बीएमडब्ल्यूवरच पॅरिस-डकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत जिंकली. त्याला कोणी सांगितलं नाही वाटतं की जड पडेल.

पानावाला
सम्राट, पहिली डकार १९७९ ची. ती सिरिल नेव्हूने जिंकली यामाहा एक्सटी ५०० वर, एक सिलिंडर. आणि २०११ पासून तिथे साडेचारशे सीसीच्या वर बाईक चालतच नाही. मग आता काय म्हणायचं?

अवांतर: हाताला मुंग्या आल्या तेव्हा टायरमध्ये हवा किती होती? रस्त्यावर नॉबी (कच्च्यासाठीचे, जाड गुठळ्यांचे) टायर कमी हवेत चालवले की हँडल थरथरणारच. लोक बाईक बदलतात, हवा मोजायचं गेज विकत घेत नाहीत.

टॉर्कसम्राट
साडेचारशेची मर्यादा नियमाने आली आहे, वेग आटोक्यात ठेवायला. स्वारांनी हलकी आवडते म्हणून मागितली नव्हती. त्या बाईकमागे सुट्या भागांचा ट्रक आणि रात्रभर जागणारे मेकॅनिक असतात. शर्यतीचं उदाहरण देऊ नका.

पानावाला
शर्यतीचं उदाहरण पहिल्यांदा कोणी दिलं, ते वर जाऊन वाचा.

पायपुरेना
तुम्ही दोघं किलो मोजा. माझी उंची पाच फूट एक इंच. धूळभेट यांच्या लाडक्या सीआरएफची सीट ८८० मिलिमीटर. मी बसले की दोन्ही पाय हवेत, झोपाळ्यावर बसल्यासारखे. मग मला रॉयल एनफील्ड हिमालयन सुचवतात, जुनी ४११. सीट ८०० मिमी, छान. वजन १९९ किलो. म्हणजे बुटक्या माणसाने जड घ्यायची, हलकी हवी असेल तर सोबत शिडी आणायची.

आणि कृपा करून ‘एक पाय टेकला तरी पुरतो’ हे कोणी सांगू नका. सपाट जमिनीवर पुरतो. मी तिरक्या उतारावर थांबले, पाय टेकवला तो खालच्या बाजूला, आणि तिथे जमीन एक वीत आणखी खाली होती. बाईक आणि मी, दोघी. मागून येणारा म्हणाला, ‘ताई, तुम्ही स्कूटर का नाही घेत?’

धूळभेट
ताई, हा मुद्दा माझ्या लेखात नव्हता, मान्य. लोअरिंग लिंक, म्हणजे बाईक खाली बसवणारी सस्पेन्शनची पट्टी, बसवून बघितलीत का?

पायपुरेना
बसवली. सीट इंचभर खाली आली, सोबत इंजिनही जमिनीकडे सरकलं. दगड आधी इंजिनाखालच्या बॅशप्लेटला भेटायचे. आणि साईड स्टँड कापून आखूड करावा लागतो हे बसवणाऱ्याने सांगितलंच नाही. बाईक जवळपास सरळ उभी राहायची, वारा आला की आडवी. शेवटी लिंक काढून टाकली, सीटचा फोम कोरून घेतला आणि थांबताना एका बाजूला घसरून बसायला शिकले. महिनाभर गेला त्यात. बाईक निवडताना हे आधी सांगायला हवं, डकार कोणी जिंकली ते नंतर.

शेवटचा गियर
बाईकचं पुरे. धाग्यातला दुसरा प्रश्न कोणी धरतच नाही, कारण त्यात मिरवायला काही नाही. बाईक पैशाने मिळते, वाट मिळत नाही.

आमच्या पाच-सहा जणांची एक वाट होती. ओढा, दगडी चढ, वर मोकळा माळ. चार वर्षं चालवली. वाटेत एक म्हातारे गुरं राखायचे, ते दिसले की आम्ही इंजिन बंद करून थांबायचो, गुरं गेली की निघायचो. पाचव्या वर्षी एक नवा भिडू आला, फ्रीफ्लो पाईप (आवाज न दाबणारा सायलेन्सर) लावून. पहिल्याच दिवशी गुरं उधळली, एक गाय तारेत अडकली. पुढच्या रविवारी गेलो तर फाटक आणि कुलूप. ते आजही आहे. वाट बंद झाली ती साडेसहाशेमुळे नाही आणि तीनशेमुळेही नाही. एका नळकांड्यामुळे झाली.

फ्रीफ्लो भाऊ
आलं का सगळं सायलेन्सरवर! मूळ पाईप चार-पाच किलोचा, माझा दीड. वर वजनावर निबंध लिहिणाऱ्यांनी उलट माझा सत्कार करायला हवा. आंधळ्या वळणावर समोरच्याला आवाज आधी ऐकू येतो, जीव वाचतो. आणि ट्रॅक्टरचा आवाज काय कमी असतो? त्याला कोणी फाटक लावत नाही.

शेवटचा गियर
ट्रॅक्टर पेरायला येतो. तुम्ही फिरायला येता.

पानावाला
आणि जीव वाचवणाऱ्या आवाजाचं एकदा होऊनच जाऊ दे. नळीचं तोंड मागे असतं. समोरून येणाऱ्याला तुम्ही उशिरा ऐकू येता, मागे राहिलेल्या वस्तीला अर्धा तास. कॅलिफोर्नियात कच्च्यात चालणाऱ्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे, वीस इंचांवरून मोजलेली. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) नसेल तर बाईक आत नेता येत नाही, कारण सायलेन्सरमधून उडालेला काजळीचा जळता कण वाळलेल्या गवताला पुरतो. तुमच्या दीड किलोच्या नळीत ती जाळी आहे का?

फ्रीफ्लो भाऊ
जाळीने पॉवर जाते.

पानावाला
किती जाते? मोजलीत? कानाने?

फ्रीफ्लो भाऊ
तुम्ही सगळे जन्मजात पेन्शनर आहात. बाईक घ्यायची आणि शिवणयंत्रासारखी चालवायची. त्यापेक्षा सायकल घ्या ना.

जुनी खोड
भांडा, भांडा. आमच्या वेळी हे प्रश्नच नव्हते. यामाहा डीटी-१ आली १९६८ साली, अडीचशे सीसी टू-स्ट्रोक, वजन ११० किलोच्या आसपास. रस्त्यावरून जा, कच्च्यात शिरा, परत या. ड्युअल-पर्पजचं लोण तिच्यापासून पसरलं. नंतर सगळ्यांनी त्यात रेडिएटर, पंखा, स्क्रीन, मोड आणि बारा सेन्सर कोंबले, आणि आता विचारतात वजन का वाढलं. माझी कार्ब्युरेटरवाली चाळीस वर्षांनंतरही…

धूळभेट
काका, इंजेक्शन विरुद्ध कार्ब्युरेटर नको. त्या धाग्याचे चारशे प्रतिसाद झालेत, अजून निकाल नाही.

जुनी खोड
निकाल १९६८ सालीच लागलाय.

वाकडी वाट
जागेबद्दल शेवटचा गियर यांच्याशी निम्मा सहमत. पण ‘आधी परवानगी विचारा’ म्हणणारे स्वप्नात आहेत. विचारलं की माणूस नाहीच म्हणतो. त्याला तुमच्या छंदातून काय मिळणार? मी विचारणं सोडलं. शांतपणे जातो, शांतपणे येतो. आवाज नाही, कचरा नाही. कोणाचं काय गेलं?

शेवटचा गियर
पाऊस पडून गेल्यावर जाता की नाही?

वाकडी वाट
जातो. तेव्हाच तर मजा.

शेवटचा गियर
मग गेलं. ओल्या मातीत पडलेली चाकोरी ऊन लागलं की दगडासारखी होते. पुढच्या पावसात पाणी तिच्यातूनच धावतं आणि वाटेची घळ होते. तुम्ही शांतपणे गेलात, वाट तुमच्यासोबत गेली. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने कितीतरी जुन्या वाटांवरचा इंजिनवाल्यांचा हक्क एका फटक्यात काढून घेतला. अमेरिकन वनखात्याचा नियम २००५ चा: नकाशावर वाट मोटारींसाठी दाखवली असेल तरच खुली, दाखवली नसेल तर बंद. आधी उलट होतं, पाटी नसेल तर चालायचं. ‘कोणाचं काय गेलं’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढली की नियम असे उलटे होतात.

विचारण्याचं म्हणाल, तर कसं विचारता त्यावर आहे. उपग्रहाच्या चित्रावर बारीक रेघ दिसते, ती ओढ्याची आहे की वाटेची हे तिथून कळत नाही. मी पहिल्यांदा चालत जातो. शेवटच्या घरापाशी हेल्मेट काढतो, ही वाट कुठे जाते एवढंच विचारतो. निम्मे वेळा नकार, खरं आहे. पण दोनदा असं झालं की माणूस म्हणाला, इकडून नको, पूल खचलाय, पलीकडून जा. ती पलीकडची वाट कुठल्याच नकाशात नव्हती. आज आमची सगळ्यात चांगली वाट तीच.

वाकडी वाट
कुठे आहे ती?

शेवटचा गियर
चालत जा आणि विचारा.

टॉर्कसम्राट
दोन दिवस लिहिलं नाही कारण लिहायचं की नाही ठरत नव्हतं. सगळे हसणार आहेत, हसा.

मागच्या वर्षी एकटाच गेलो होतो. ओढा ओलांडताना पुढचं चाक गोल दगडावरून सटकलं. बाईक डाव्या पायावर. पाणी गुडघाभरच, पण मी आडवा, छातीपर्यंत पाण्यात. दोनशेच्या वर वजन, त्यात बाजूचे पॅनियर सामानाने भरलेले. पाय बुटात, बूट फूटपेगखाली. चाळीस मिनिटं. बुटाचे बक्कल एकेक करून पाण्याखाली चाचपत उघडले आणि पाय मोकळा बाहेर काढला. बूट तिथेच. मग बाईक उचलायला गेलो, पाठ सीटला लावून, हँडल पूर्ण वळवून, जसं शिकवतात तसं. तळाला गोटे, पाय रोवतच नव्हता. शेवटी दोघे जण आले, त्यांच्या मदतीने निघाली. एअर फिल्टरमध्ये पाणी. प्लग काढून पाणी उडवेपर्यंत अंधार.

यावरून साडेसहाशे वाईट ठरत नाही. चूक एकटं जाण्याची होती आणि पाण्यात आधी पायी न उतरण्याची. पण तुमच्या त्या सातव्या वेळच्या हिशोबात तेवढ्यापुरतं तथ्य आहे. तेवढ्यापुरतंच.

पानावाला
बरे आहात ना? पाय ठीक?

(हवा किती होती?)

टॉर्कसम्राट
पस्तीस. आणि तोंड बंद ठेवा.

धूळभेट
सम्राट, लिहिलंत ते बरं केलंत. मीही एक मान्य करून टाकतो, नाहीतर तुम्ही काढाल: हलक्या बाईकवर दोनशे किलोमीटर डांबर कापून मी गेल्या वर्षभरात फक्त एकदा गेलो. बाकी वेळा जवळच्या त्याच त्या चढावर घिरट्या. लांब जायचं असेल तर तुमचं बरोबर. शिकायचं असेल तर माझं.

टॉर्कसम्राट
हे पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर हा धागाच लागला नसता.

नवा स्वार
नमस्कार, मूळ प्रश्न विचारणारा मीच. तुमचं चालू असताना घेऊन टाकली. जुनी हिरो एक्सपल्स २००, पुढे २१ इंची चाक. पायपुरेना ताई, सीट तिचीही ८२० च्या वरच आहे, फोम कोरायचं तुमचंच वाचून ठरवलं. अजून कच्च्यात गेलो नाही. आज दारातच उलट वळवताना पडली. एकट्याने उचलली. क्लचचा लिव्हर टोकाशी तुटला. आता हँडगार्ड आधी घेऊ की टायर?

पायपुरेना
हँडगार्ड. आणि तुटका लिव्हर टाकू नका, दोन बोटांपुरता उरला असेल तर पिशवीत ठेवा, कामाला येतो.

फ्रीफ्लो भाऊ
पानावाले, ते वीस इंच नक्की कुठून मोजायचे? मागच्या चाकापासून की नळीच्या तोंडापासून?

पानावाला
नळीच्या तोंडापासून, ४५ अंश बाजूला, मीटर तोंडाच्या उंचीवर धरून. इंजिन साधारण कमाल आरपीएमच्या निम्म्यावर. का, मोजताय?

फ्रीफ्लो भाऊ
सहज विचारलं.