मदत हवी आहे: मानसशास्त्रातले दृष्टिकोन वाचताना कळतात, उदाहरणाला लावता येत नाहीत

नमस्कार. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. विषय मनापासून आवडतो, म्हणून अडलं की फार जिवाला लागतं.

वर्तनवाद, मनोविश्लेषण, मानवतावाद, बोधात्मक, जैविक... ज्याचं प्रकरण वाचावं ते पटतं. पण 'एक मुलगी वर्गात शंका विचारायला घाबरते, दोन दृष्टिकोनांतून स्पष्ट करा' असा प्रश्न आला की मला फक्त नावं आणि सनावळ्या आठवतात. वुंटची प्रयोगशाळा १८७९, वॉटसनचा लेख १९१३. त्या मुलीबद्दल काय लिहायचं ते सुचत नाही.

संशोधन पद्धतीत यादृच्छिक नमुना आणि यादृच्छिक विभागणी यांतला फरक डोक्यात राहत नाही. व्याख्या पाठ आहेत, तरी.

आणि अभ्यासाबद्दल: मी प्रकरण पुन्हा पुन्हा वाचते, खुणा करते. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पेपरात आठवत नाही. काय बदलू?

प्रतिसाद

दृष्टिकोनांबद्दल लिहितो. नावापासून सुरुवात करू नका. 'हा माणूस कारण कुठे शोधेल?' इथून करा.

तुमचीच मुलगी घेऊ. वर्तनवादी विचारेल, आधी शंका विचारली तेव्हा काय झालं? वर्ग हसला असेल तर ती शिक्षा झाली. पुढे ती गप्प बसते तेव्हा धास्ती टळते, सुटल्यासारखं वाटतं आणि म्हणून गप्प बसणं वाढतं. हे ऋण प्रबलन. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असं बरेच जण लिहितात, ते चूक आहे. शिक्षेने वर्तन कमी होतं, प्रबलन धन असो की ऋण, वर्तन वाढतंच. इथे दोन्ही एकाच गोष्टीत आहेत: विचारणं कमी झालं, गप्प बसणं वाढलं.

बोधात्मक दृष्टिकोनाचा माणूस तिच्या मनातलं वाक्य शोधेल: 'मी विचारलं तर सगळ्यांना कळेल की मला काही येत नाही.' हशा झालाच नसेल तरी हे वाक्य असू शकतं, आणि दोन्ही स्पष्टीकरणं वेगळी होतात ती इथेच. जैविक दृष्टिकोन अमिग्डाला (मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग), वाढलेले हृदयाचे ठोके, आनुवंशिक स्वभाव याकडे बघेल. मनोविश्लेषण बालपणातली नाती आणि अबोध संघर्षाकडे जाईल. मानवतावादी रॉजर्सच्या वाटेने गेलात तर तिला विनाअट स्वीकार मिळाला का, हा प्रश्न येईल. दुसऱ्या कुणाची फजिती बघून ती घाबरली असेल तर बांडुराचं निरीक्षणातून शिकणं आठवा (मोठ्यांना बाहुलीला मारताना बघून मुलांनीही मारलं, तो बोबो बाहुलीचा प्रयोग, १९६१).

यातलं एक खरं म्हणजे बाकी खोटी, असं नसतं. उत्तरात तसं लिहिलंत तर मला वाटतं ते अधिक प्रामाणिक होईल.

दुसरा प्रतिसाद

तुमच्या उरलेल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच प्रयोगात आहे, आणि तो मला फार आवडतो. रोडिगर आणि कार्पिके, २००६.

विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचतच राहायचं. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचायचा आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून बघणाऱ्यांना ६१. आणि पहिल्या दिवशी 'आपल्याला लक्षात राहील' ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! तुम्हाला जे 'ओळखीचं वाटतं' ते हेच.

आता पद्धत बघा. अभ्यासाची रीत आणि मधला काळ हे स्वतंत्र चल, म्हणजे संशोधक जे बदलून बघतो ते. किती आठवलं हा परतंत्र चल, म्हणजे परिणाम म्हणून जे मोजतो ते, आणि 'आठवणं' मोजायचं कसं तेही ठरवलेलं: उताऱ्यातल्या ३० मुद्द्यांपैकी किती लिहिले. कोण कुठल्या गटात जाईल हे यादृच्छिक ठरलं, ती विभागणी. त्यामुळे हुशार मुलं एकाच गटात गोळा होत नाहीत आणि फरक रीतीमुळे पडला असं म्हणता येतं. पण सगळे एकाच विद्यापीठातले पदवीचे विद्यार्थी होते, म्हणजे नमुना यादृच्छिक नव्हता. त्यामुळे हे शाळकरी मुलांना किंवा साठीतल्या माणसांना लागू आहे का, हे या एका प्रयोगावरून सांगता येत नाही. विभागणी कारणाबद्दल बोलू देते, नमुना व्याप्तीबद्दल.

याऐवजी नुसतं 'तुम्ही कसा अभ्यास करता' असं विचारून ते गुणांशी जोडलं असतं तर फक्त सहसंबंध मिळाला असता, म्हणजे दोन गोष्टी बरोबर बदलतात एवढंच, कारण नाही. ज्यांना विषय आवडतो तेच स्वतःची परीक्षा घेतात आणि गुणही त्यांनाच मिळतात, असंही असू शकतं.

प्रश्नकर्ती

दोघांचेही खूप आभार, विभागणीचं एकदम उलगडलं. एक भीती आहे. न बघता लिहिताना चुकीचं आठवलं तर तेच डोक्यात बसणार नाही का?

दुसरा प्रतिसाद

भीती रास्त आहे, म्हणून लिहून झालं की लगेच पुस्तक उघडून ताडून बघा आणि चूक तिथेच दुरुस्त करा. त्या प्रयोगात तर मध्ये कुणी चुका सांगितल्याही नव्हत्या, तरी फायदा दिसला. दोन वेळांत अंतर ठेवा. थोडं विसरल्यावर आठवायला कष्ट पडतात, ते पडू द्या. आणि व्याख्या लिहू नका, नवं उदाहरण सोडवा. हे घ्या: परीक्षा जवळ आली की एक मुलगा खोली आवरायला घेतो. पुस्तक मिटून इथेच लिहा.

प्रश्नकर्ती

न बघता लिहितेय. वर्तनवादी: आवरायला लागला की अभ्यासाची धास्ती तेवढ्यापुरती जाते, म्हणून दर परीक्षेला आवरणं वाढतं. ऋण प्रबलन. बोधात्मक: 'सगळं जागच्या जागी असल्याशिवाय माझा अभ्यास होणारच नाही' असा त्याचा ठाम समज आहे. यात घरचे 'किती छान आवरलंस' म्हणत असतील तर ते धन प्रबलन वेगळं लिहायचं ना?

पहिला प्रतिसाद

हो, वेगळं लिहा. दोन्ही बरोबर आहेत.