मुलाच्या हायस्कूल ग्रॅज्युएशनचा समारंभ: पाहुण्यांची यादी कोणी करावी?

धागा सुरू करणारी आई

आमचा मुलगा येत्या जूनमध्ये इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, हायस्कूलमधून बाहेर पडेल. माझे स्पष्ट मत असे आहे की या निमित्ताने घरी मोठा समारंभ करावा आणि त्याची आखणी मुलावर न सोपवता पालकांनीच करावी. शाळेच्या मुख्य कार्यक्रमासाठी अनेक ठिकाणी प्रत्येक विद्यार्थ्यामागे मोजकीच तिकिटे मिळतात. त्यामुळे आम्ही कामावरून परतेपर्यंत त्याला रोज शाळेच्या बसमधून उतरवून घेणाऱ्या शेजारीणबाई, त्याच्या पियानोच्या शिक्षिका, दूरच्या राज्यातून विमानाने येणारे काका-काकू, या कोणालाही त्याचे नाव पुकारले जाताना ऐकता येत नाही. त्यांना सामावून घेणारी जागा म्हणजे घरचे ‘ओपन हाउस’. दुपारी दोन ते पाच अशी वेळ द्यावी, लोकांनी आपल्या सोयीने येऊन जावे, किंडरगार्टनपासूनच्या फोटोंचा फलक दर्शनी भागात असावा, आणि मुलाने ग्रॅज्युएशनचा गाऊन घालून सर्वांना भेटावे. ऑगस्टमध्ये तो कॉलेजच्या डॉर्ममध्ये राहायला गेला, की ही सगळी माणसे त्याच्यासाठी पुन्हा एकत्र कधी येणार?

प्रतिसाद: दोन मुलींचे वडील

ताई, आपली कळकळ समजते, परंतु मुलाला आखणीतून वगळण्याचा विचार मला मुळीच पटत नाही. मागील वर्षी एका स्नेह्यांकडे मी असाच समारंभ पाहिला. मुलगा उन्हात गाऊन घालून दाराशी उभा होता. येणारा प्रत्येक जण ‘कोणते कॉलेज, कोणता मेजर (मुख्य विषय)’ हेच विचारत होता, आणि तोही तेच उत्तर त्याच शब्दांत देत होता. त्याच शनिवारी त्याच्या दोघा जिवलग मित्रांकडेही ओपन हाउस होते, आणि दोन पाहुण्यांच्या मधल्या क्षणी तो खिशातून फोन काढून तिथले फोटो पाहत होता. पालकांनी त्याच्या मित्रांच्या घरी मार्चमध्येच विचारून तारखा जुळवल्या असत्या, तर त्याला तीनही घरी जाता आले असते.

वेळापत्रकही पाहावे. अनेक कॉलेजांना प्रवेशाचा होकार कळवण्याची रूढ तारीख १ मे आहे आणि त्यालाच लागून मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा येतात. हव्या त्या कॉलेजने नाकारल्याचे दुःख काही मुलांच्या मनात तेव्हा ताजे असते. काही जण कम्युनिटी कॉलेजची (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजची), सैन्याची किंवा नोकरीची वाट धरतात, आणि तीही तितक्याच मानाची असते. अशा मुलाला आई-वडिलांच्या परिचितांपुढे उभे करून भविष्याविषयी बोलायला लावणे हा त्याचा गौरव नव्हे. म्हणून निर्णय एप्रिलमध्येच, त्याला सोबत बसवून करावेत, आणि पाहुण्यांची पहिली यादी त्याने करावी. त्याला फक्त चार मित्र आणि आजी-आजोबा हवे असतील, तर समारंभ तेवढाच असावा. उरलेली रक्कम त्याच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, टाकावी किंवा डॉर्मच्या सामानासाठी ठेवावी.

प्रतिसाद: हायस्कूलमधील समुपदेशक

यादीच्या वादात एक महत्त्वाची गोष्ट मागे पडू नये. दुपारचा समारंभ आटोपल्यानंतरची रात्र हीच खरी काळजीची असते. १९८४च्या केंद्रीय कायद्यानंतर सर्व राज्यांत मद्य विकत घेण्याचे किमान वय २१ झाले आणि अनेक राज्यांत स्वतःच्या घरी इतरांच्या अल्पवयीन मुलांना मद्य घेऊ देणाऱ्या प्रौढांना जबाबदार धरले जाते. ‘निदान आमच्या नजरेसमोर घेतात’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. मेन राज्यात १९८०मध्ये ‘प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन’ सुरू झाले, ते ग्रॅज्युएशनच्या काळात मद्यपानाशी निगडित अपघातांत विद्यार्थी दगावल्यानंतर. मोठ्यांच्या देखरेखीखाली, मद्याविना, रात्रभर चालणारा असा कार्यक्रम आता ठिकठिकाणच्या शाळांमध्ये पालकच उभा करतात. आपल्या शाळेत तो असेल, तर घरचा समारंभ त्याच दिवशी ठेवू नये आणि स्वयंसेवक म्हणून नाव अवश्य नोंदवावे.

धागा सुरू करणाऱ्या आईचे उत्तर

तारखांचा आणि रात्रीचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारते. मित्रांच्या घरी याच आठवड्यात विचारणा करीन आणि कॉलेजविषयीचा प्रश्न टाळण्याची विनंती निमंत्रणातच करीन. यादीबाबत मात्र माझे मत कायम आहे. अठराव्या वर्षी आपल्या वाढण्यामागे कोणाकोणाचे हात होते, हे मुलाला पुरते ठाऊक नसते. शेजारीणबाईंचे नाव तो कदाचित लिहिणारही नाही, परंतु त्या दाराशी उभ्या राहत होत्या म्हणून मी निर्धास्तपणे नोकरी करू शकले.

प्रतिसाद: दोन मुलींचे वडील

मग हीच हकिकत त्याला सांगा, ताई, आणि त्यानंतर यादी त्याच्या हाती द्या. भेटी आणि धनादेश देणाऱ्या प्रत्येकाला त्याने स्वहस्ते आभारपत्र लिहावे, अशी इथली अपेक्षा असते. ज्यांची त्याला ओळख नाही अशांना तो काय लिहिणार? माझ्या थोरलीने तिच्या वेळी तिसरीच्या वर्गशिक्षिकांचे नाव आपणहून सुचवले होते. आम्हाला ते आठवलेही नव्हते. शेजारीणबाईंचे नाव तुमचा मुलगा गाळणार नाही, असे मला मनापासून वाटते. गाळलेच, तर तुमच्या वतीने त्यांना अवश्य बोलवा, परंतु त्याला तसे सांगून.