मदत हवी आहे : २००५ आणि २०१३ च्या आर्थिक गणना शिफ्ट-शेअरसाठी कशा जुळवायच्या?

शिफ्ट-शेअर पद्धतीने महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या रोजगारवाढीचे तीन भाग करतोय : राज्याच्या सरासरीमुळे झालेली वाढ, उद्योगरचनेमुळे झालेली आणि उरलेली स्थानिक स्पर्धात्मकतेची. आकडे पाचव्या (२००५) आणि सहाव्या (२०१३) आर्थिक गणनेचे.

जिल्ह्यांच्या सीमांचा त्रास नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, म्हणजे दोन्हीकडे अखंड ठाणेच आहे. घोळ उद्योगांच्या कोडचा. २००५ ला एनआयसी (राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण) २००४, तर २०१३ ला एनआयसी २००८, तेही तीन अंकांपर्यंतच. कापड १७ चं १३ झालं, ते सोपं. पण प्रकाशन जुन्या २२ मध्ये छपाईसोबत कारखानदारीत होतं, आता ५८ मध्ये, सेवांत. घरगुती वस्तूंची दुरुस्ती किरकोळ व्यापारातून (५२६०) निघून ९५ मध्ये गेली. हे न जुळवता गणित केलं, तर व्यापार घटल्याचा भास होतो आणि तो मुख्यतः उद्योगरचनेच्या खात्यात पडतो; दुरुस्तीचं प्रमाण जिल्ह्यागणिक वेगळं असेल तेवढा 'स्पर्धात्मकते'तही. शिवाय २०१३ मध्ये सार्वजनिक प्रशासन वगळलंय. ते मी २००५ मधूनही काढलंय.

विचारायचंय ते असं. जुना एक कोड नव्या दोन-तीन कोडांत फुटतो, तिथे राज्याच्या २०१३ च्या प्रमाणात वाटणी करावी, की सगळे एकत्र करून मोठा गट ठेवावा? वाटणीने जिल्ह्याजिल्ह्यांतला फरकच पुसला जाईल, म्हणून माझा कल गटाकडे आहे. पण मग इचलकरंजीचे यंत्रमाग कोल्हापूरच्या आकड्यांत दिसतील इतकी बारकाई उरेल का?

दुसरं, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात थोड्याशा कामगारांवरही लोकेशन कोशंट (उद्योगाचा जिल्ह्याच्या रोजगारातला वाटा भागिले राज्याच्या रोजगारातला वाटा) फुगतो. किमान कामगारसंख्येची अट किती ठेवता?