लोह आहे, पण कुलुपात

"रक्तात एवढं लोह असताना जंतूंना ते चोरावं का लागतं?" हा प्रश्न रास्त आहे. लोह असतं, पण कुलुपात: बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये, रक्तद्रवातलं ट्रान्सफेरिन या लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या मुठीत. ई. कोलाय हा जंतू मग एंटेरोबॅक्टिन नावाचा रेणू सोडतो, तो त्या मुठीतूनही लोह हिसकावतो. आपलं शरीर लिपोकॅलिन-२ या प्रथिनाने तो रेणूच वाटेत पकडतं. यावर साल्मोनेला या दुसऱ्या जंतूची शक्कल मला भारी आवडते: आपल्या अशाच रेणूला ग्लुकोज चिकटवायचं, की तो पकडीत बसतच नाही!

आणि कुलूपच सैल असेल तर? २००९ मध्ये शिकागोत प्लेगच्या दुबळ्या वाणाने एका संशोधकाचा जीव घेतला. त्या वाणात लोह मिळवायची मुख्य यंत्रणाच नव्हती. पण संशोधकाला हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे अंगात लोहाचा जादा साठा. तेही कळलं मृत्यूनंतर.